शिमग्याला बाहेर बसणाऱ्या काकी

बाळांनो, आमच्या शेजारच्या काकींना कावळा नेमका शिमग्यातच शिवायचा. पाळी आलेली बाई तेव्हा चार दिवस मागच्या पडवीत वेगळी बसे. तिला कोणी शिवत नसे, नवरासुद्धा. काकींचे यजमान मुंबईला गिरणीत. वर्षातून एकदाच, शिमग्याला, बोटीने यायचे आणि देवीची पालखी घरी येऊन गेली की परत जायचे. ते बंदरावर उतरले की इकडे काकींनी पडवीत गोणपाट अंथरलंच. तारखा कशा जुळवीत, त्यांनाच ठाऊक.

"देवीलासुद्धा हिचं तोंड बघायला नको!" सासूबाई अंगणातून ओरडायच्या. पालखी दारात नाचायची, ओटी भरायला जाऊबाई पुढे व्हायच्या. काकी गुडघ्यांना मिठी मारून ढोल ऐकत बसायच्या.

त्यांना तीन मुली. तिसरीच्या वेळी सुईणीने बजावलं होतं, "पुन्हा राहिलीस तर उठायची नाहीस." सासूबाईंना ते पटलं नव्हतं. "बाया बाळंतपणानं मरत नाहीत, आळसानं मरतात. घराला मुलगा नको?"

मुंबईला कॉलेजात असताना मी पाळणा लांबवण्याच्या साधनांविषयी वाचलं. सुट्टीत आल्यावर कुंपणाच्या गडग्यावरून काकींना हळूच सांगितलं. त्या हसल्या.

"ती आणायची कोणी? ह्यांनी. आणि ह्यांनी आईला विचारल्याशिवाय कधी विडी तरी ओढली आहे काय गो?"

"त्यांच्याजवळ बसावंसं वाटत नाही तुम्हाला?"

"वाटतं. म्हणून तर बाहेर बसते. आत असले तर माझ्याच्यानं नाही म्हणवत नाही."

शेवटी सासूबाईंनी मुलाचं दुसरं लग्न लावलं. गुहागरकडची पोरसवदा मुलगी आली, तिला मुलगे झाले. मग काकींना पडवीत बसायचं कारण उरलं नाही. ओटी त्याच भरू लागल्या. यजमान येता-जाता विचारायचे, "बरी आहेस ना?" पाहुण्याला विचारावं तसं.

ह्या धाकट्या सवतीला चौथ्या बाळंतपणात झटके आले. कशीबशी वाचली. हिंडू-फिरू लागल्यावर ती काकींपाशी येऊन म्हणाली, "अक्का, तुम्ही करायचात तसं मला शिकवा."

पुढच्या शिमग्याला मी माहेरी होते. यजमान आले ते सरळ मागच्या दाराकडे निघाले. काकी आडव्या आल्या.

"तिकडे जाऊ नका. धाकटी बाहेरची आहे."

ते क्षणभर काकींकडे बघत राहिले. मग पुढे ओसरीवर जाऊन एकटेच बसले. काकींनी पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि त्या आत गेल्या.