घाम हाय ना?

आमच्या संघाचा कोच म्हणजे सबंध पनवेल तालुक्यातला सगळ्यात भित्रा माणूस. हे मी त्याच्या माघारी बोलतोय असं समजू नका, तो स्वतःच ते चारचौघांत सांगायचा. "मना सगल्याचा धसका हाय," असं म्हणून तो एकेक गोष्ट मोजायला लागायचा. कुत्रा, लिफ्ट, हायवे ओलांडणं, अनोळखी नंबरचा फोन, डॉक्टरांचा पांढरा कोट. विमानतळासाठी डोंगर फोडत होते त्या काळात सुरुंगाचा आवाज झाला की हा गडी नेटच्या मागे उकिडवा बसायचा आणि दोन्ही कान गच्च दाबून धरायचा. आम्ही पोट धरून हसायचो. त्यावरूनच त्याचं नाव धसकामामा पडलं, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे.

टेनिस बॉलचं क्रिकेट आमच्या भागात पोरखेळ राहिलेलं नाही. शेठ लोकांनी लीग काढली, संघ विकत घेतले, खेळाडूंचे लिलाव केले, सिझनभराचे करार केले आणि सामने यूट्यूबवर थेट दाखवायला सुरुवात केली. आमच्या संघाचा मालक गावातलाच. आजा भातशेती करायचा, नातू बिल्डर झाला. त्याला आम्ही नुसतं शेठ म्हणायचो. मी मूळचा बेलपाड्याचा, त्या संघाचा विकेटकीपर आणि कॅप्टन. मामा मला नावाने कधी हाक मारत नसे, 'कीपर' म्हणायचा.

सामना अटीतटीचा झाला की मामा मैदानाकडे पाठ करून उभा राहायचा. शेवटची ओव्हर त्याने उभ्या आयुष्यात पाहिली नसावी. प्रत्येक चेंडूनंतर विचारायचा, "काय झाला रं? सांग पन हलू सांग." आम्ही जिंकलो तरी त्याच्या चेहऱ्यावरचा रंग परत यायला वेळ लागायचा. असल्या माणसाला कोच केलंच कशाला, असं नवीन पोरं विचारायची. एक सिझन त्याच्या हाताखाली काढला की विचारणं आपोआप बंद व्हायचं.

कारण होतं त्याचा हात. पाणी प्यायला खेळ थांबला की मामा मैदानात यायचा आणि प्रत्येकाच्या मानेवर, केस संपतात तिथे, पालथा हात ठेवायचा. "घाम हाय ना? मग खेल." बस, एवढंच त्याचं कोचिंग. मान कोरडी लागली की तो पोराला हाताला धरून सावलीत नेऊन बसवायचा, मग तो पोरगा पन्नासवर नाबाद का असेना. आम्ही वैतागायचो. एकदा मी त्याच्यावर आवाज चढवला तेव्हा त्याने पहिल्यांदा भावाची गोष्ट सांगितली. मामाचं घर मिठागरातलं. त्याचा बाप कामावरच्या माणसांच्या माना अशाच बघायचा. एका दिवशी बाप बाजारात गेला होता आणि थोरला भाऊ भर उन्हात, घाम आटेपर्यंत मीठ ओढत राहिला आणि तिथेच गेला. "कागदावानी कोरडी मान व्हती त्याची," मामा म्हणाला. "मी हात लावला, पन मना कलला नाय. ल्हान व्हतो." हे सांगतानाही त्याचा हात माझ्या मानेवर होता.

दुसरं काम नारळाचं. आमच्याकडे खेळपट्टीवर नारळ फोडल्याशिवाय कोणी पाऊल टाकत नाही. गावदेवीचं नाव घ्यायचं, चपला काढायच्या, नारळ फोडायचा, पाणी दोन्ही टोकांना शिंपडायचं आणि मगच टॉस. आमच्या मैदानावर हा मान मामाचा. शेठने त्याला मैदानाच्या कडेलाच एक खोली दिली होती, खेळपट्टीची राखण आणि कोचिंग दोन्ही तोच बघायचा. बायको गेल्यापासून मामाचं जे काही होतं ते त्या खोलीत होतं. शेठ आला की तो उभाच राहायचा, खुर्ची दिली तरी बसायचा नाही. त्याच्या भीतीच्या मोजदादीत शेठचं नाव कधी यायचं नाही, कारण ते सांगायचीही त्याला भीती वाटायची.

त्या वर्षी सामने एप्रिलच्या पुढे लांबले. मैदानाला झाड नाही, आजूबाजूला नुसते अर्धवट टॉवर. लीगचा मॅनेजर मुंबईहून आणलेला होता, दुपारी प्रेक्षक मोबाइलवर जास्त असतात म्हणून त्याने सामने भर दुपारी लावले. मामा रोज त्याच्या मागे लागायचा, "सायेब, दुपारचा नको," आणि मॅनेजर फोनवर बोलत पुढे निघून जायचा.  उन्हात स्टंपामागे उभं राहून मी चेंडूपेक्षा आमच्या पोरांच्या चालण्याकडे जास्त बघायचो, कोण अडखळतोय का म्हणून.

अडखळला तो पिंट्या. आमचा सगळ्यात वेगवान बोलर, चिरनेरचा, अंगाने किडकिडीत आणि तोंडाने अखंड बडबड्या. पाण्याच्या वेळी मामाने त्याच्या मानेवर हात ठेवला आणि तो हात तिथेच राहिला. "याला काड बाहेर," तो मला म्हणाला. मी पिंट्याला बाहेर जायला सांगितलं. तेवढ्यात मॅनेजर आला, म्हणाला की थेट प्रक्षेपणात स्टार बोलर मध्येच जाणार नाही, करारात तसं लिहिलंय. पिंट्या पण हट्टाला पेटला, "एकच ओव्हर." मामा हात जोडून मॅनेजरला आडवा उभा राहिला, मॅनेजरच्या दोघा माणसांनी त्याला बाजूला केलं. पिंट्याने चेंडू घेतला, धावत आला आणि पंचांच्या शेजारी तोंडावर पडला. त्याची बडबड थांबलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. अजूनही एखादा गप्पिष्ट माणूस बोलता बोलता थांबला की मी आधी त्याच्या मानेकडे बघतो.

मैदानात ना डॉक्टर, ना गाडी. फाटकात पाहुण्यांच्या गाड्या एकीला एक चिकटून लावलेल्या. रस्त्यावरून करंजाच्या बंदरात बर्फ नेणारा टेम्पो चालला होता. रस्ता ओलांडायला घाबरणारा मामा धावत जाऊन त्या टेम्पोपुढे उभा राहिला. आम्ही पिंट्याला उचलून बर्फाच्या लाद्यांवर ठेवलं. मामा त्याच्या उशाशी बसला, फुटलेला बर्फ त्याच्या मानेला लावत राहिला आणि सबंध रस्ताभर त्याला शिव्या घालत राहिला, ज्या आम्ही त्याच्या तोंडून कधी ऐकल्या नव्हत्या. दवाखान्यात मामा आमच्या आधी आत घुसला. पांढरे कोट समोर होते, पण त्याला ते दिसले की नाही कोण जाणे.

पिंट्या जगला. शुद्धीवर यायला वेळ लागला, किडन्या सांभाळायला त्याहून जास्त, आणि त्याची बोलिंग कायमची गेली. पुढचा सामना मात्र ठरल्या दिवशी, ठरल्या दुपारी होणारच, असा मॅनेजरचा निरोप आला. त्या संध्याकाळी आम्ही सगळे मामाच्या खोलीबाहेर जमलो. बारा ते चार सामना नको आणि मैदानावर डॉक्टर आणि गाडी हवी, एवढंच मागायचं ठरलं. नाहीतर खेळायचं नाही.  करार मोडला तर दुसरी पोरं रांगेत उभी आहेत, असे फोन आमच्या घरी आधीच गेले होते. माझे वडील म्हणाले होते, शेठशी वाकडं घेऊ नकोस, आपल्याला इथेच राहायचंय. पण सगळ्यात जास्त जायचं होतं ते मामाचं. मी त्याला म्हटलं, "मामा, तू यात पडू नको. खोली जाईल."

"जाल," मामा म्हणाला.  "मना लय भीती वाटते, कीपर. पन पिंट्याची मान हाताला लागल्यापासून दुसरी कसली वाटतच नाय."

सामन्याच्या दिवशी मामा नेहमीसारखा चपला काढून खेळपट्टीवर गेला. नारळ मधोमध ठेवला आणि त्याच्या शेजारी उन्हात मांडी घालून बसला. फोडला नाही. आम्ही त्याच्या मागे जाऊन बसलो. समोरचा संघ सीमारेषेवर उभा राहिला. नारळ फुटल्याशिवाय तेही आत येईनात, तीही आमच्यासारखीच गावची पोरं. शेठ मंडपातून उठून आला. मामा सवयीने उभा राहायला लागला, मग पुन्हा खाली बसला. शेठपुढे बसलेला मामा मी पहिल्यांदा पाहत होतो.

"फोड नारल," शेठ म्हणाला.

"नाय फोडनार, शेठ."

"खोली कोनाची हाय, माहीत हाय ना?"

"तुजी हाय. सांजचे खाली करतो."

शेठ काही बोलणार तोच मॅनेजर पुढे आला. कॅमेरे सुरू होते, वेळ चालली होती, आणि त्या बिचाऱ्याला वाटलं की एक नारळच तर आहे. त्याने आमच्याच कोणाची तरी बॅट उचलली आणि पायातले बूट न काढता नारळावर हाणली. नारळाची भकलं उडाली, एक मामाच्या गुडघ्याला लागलं.  समोरच्या संघाचा कॅप्टन वाकला, खेळपट्टीला हात लावून कपाळाला लावला आणि पोरांना घेऊन घरी निघाला. मी शेठकडे पाहिलं. त्याने नकळत पायातले बूट काढले होते. आमच्याशी भांडायची त्याची तयारी होती, गावदेवीशी नव्हती. बातमी पसरली तसे दुसऱ्या मैदानांवरही पोरं न फोडलेले नारळ ठेवून बसू लागली. सिझन तिथेच बुडाला. उपांत्य सामने नाहीत, अंतिम सामना नाही, ट्रॉफी शेठच्या ऑफिसात प्लॅस्टिकच्या वेष्टनातच राहिली.

मामाने बोलल्याप्रमाणे संध्याकाळी खोली खाली केली. एक ट्रंक, एक स्टोव्ह, बायकोचा फोटो. तो भाच्याकडे, मैदानाच्या मागच्या चाळीत राहायला गेला. गावात काही लोक त्याला बोलले. याच्यामुळे पोरांचं वर्ष फुकट गेलं, म्हाताऱ्याला काय कळतं, असं. मामा ऐकून घ्यायचा. माणसं मोठ्याने बोलली की त्याला अजूनही धसका बसायचा.

पुढच्या वर्षी लीग पुन्हा सुरू झाली. बारा ते चार खेळ बंद, मैदानावर डॉक्टर, फाटकाशी रिकामी ठेवलेली गाडी, सगळं मिळालं. अट एकच होती, मामा मैदानात दिसता कामा नये. आम्ही न खेळायचं ठरवलं तेव्हा मामाच आमच्यावर उखडला. "मी उन्हात कनाला बसलो व्हतो? तुमी घरी बसावा म्हनून? जा, खेला." मग आम्ही खेळलो. पिंट्याला आम्ही भांडून स्कोअररच्या टेबलावर बसवलं, तिथे त्याची बडबड पुन्हा सुरू झाली.

पहिल्याच सामन्यात पाण्याच्या वेळी मला मागच्या जाळीपलीकडे ओळखीची टोपी दिसली. मामा उभा होता. त्याने स्वतःच्या मानेवर हात ठेवला आणि भुवया उंचावल्या. मी माझ्या मानेवर हात फिरवला, ओला तळवा वर करून त्याला दाखवला. मग एकेक करून सगळ्यांनी दाखवला. पुढे ते रोजचंच झालं. समालोचकाला वाटायचं आम्ही प्रेक्षकांना अभिवादन करतोय. समोरच्या संघाची पोरंही हात वर करायला लागली. सगळ्यांचे हात बघून झाले की मामा मान डोलवायचा आणि मैदानाकडे पाठ करून उभा राहायचा.

यंदाच्या मोसमात, एका सकाळच्या सामन्यात, पाणी आलं आणि आम्ही हात वर केले. जाळीपाशी कोणी नव्हतं. आम्ही तसेच उभे राहिलो, पंच हाका मारायला लागले तरी. एवढी वर्षं तो आमच्यासाठी घाबरत आला होता. आता ती भीती आमच्यावर आली, आणि ती इतकी जड असते हे मला त्या वेळी कळलं. उरलेल्या खेळात माझ्या हातून साधे झेल सुटले. सामना संपताच पॅड न काढता मी चाळीकडे धावलो. मागून सगळा संघ, आणि सगळ्यांच्या मागे पिंट्या, ज्याला धावायला डॉक्टरांची मनाई आहे.

मामा खाटेवर कुशीवर झोपला होता. मैदानात यायला निघाला असावा, टोपी डोक्यावर होती. भाच्याची बायको म्हणाली, सकाळी चहा प्यायला, जरा पडतो म्हणाला. मी त्याच्या उशाशी बसलो आणि टोपी वर सरकवून, केस संपतात तिथे, पालथा हात ठेवला.

दारात पोरांची गर्दी झाली होती. कोणी आत येईना. पिंट्या धापा टाकत पुढे आला, चौकटीला धरून उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "कीपर, घाम हाय ना?"

त्या गार मानेवर मी हात तसाच ठेवून बसून राहिलो.