बोकड बदलावा लागतो

दहावीच्या वर्गात पेशीविभाजन शिकवताना मी स्वतःच पेशी होतो. हे मी मोठ्या अभिमानानं सांगतो, कारण आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावच्या आसपास असा दुसरा मास्तर नाही. टेबल बाजूला सरकवायचं, मधोमध उभं राहायचं, पोट फुगवायचं (हल्ली ते आपोआप फुगतं), दोन्ही हातांत रंगीत खडू धरायचे आणि हळूहळू दोन्हीकडं ताणत जायचं. "झाल्या का दोन?" असं मी ओरडलो की पोरं बाकं बडवतात. मग मी सांगतो की पेशी म्हणजे जुन्या कचेरीतला इमानदार नकलनवीस. मूळ कागद समोर ठेवून अक्षर न् अक्षर उतरवणारा. कागदात चूक असेल तर ती चूकही तितक्याच वळणदार अक्षरात उतरवणारा.

मग खिशातून कुरुंद्याच्या हळदीचं कांडं निघतं. हे मातीत लावलं की वर येते ती याचीच नक्कल. "पण आपण हळद न्हाई," मी डोळे मिचकावतो, "माणसाला दोघं लागतात." मागच्या बाकांवर खसखस पिकते. पिकू देतो. प्रत्येक धड्याची आपल्याकडं दोन पानं असतात, एक आईचं, एक बापाचं. एक फाटकं असलं तरी दुसऱ्यावरून वाचता येतं. बीज तयार होताना मात्र पेशी जोडीतलं एकच पान पुढं देते. कोणतं, ते ती कुणाला विचारत नाही. इथं मी नाणं उडवतो. छापा की काटा! दोन्हीकडून फाटकंच पान आलं तर धडाच गेला.

बावीस वर्षं मी हा प्रयोग केला. त्यातलं एक वाक्यसुद्धा माझ्या घराचा उंबरा ओलांडून आत आलं नाही.

ते आलं माझ्या हर्नियामुळं. पेशी होऊन ताणता ताणता पोटात काहीतरी सटकलं आणि ऑपरेशनआधी हिंगोलीला रक्त तपासलं. रक्त कमी निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन महिने गोळ्या खाल्ल्या, रक्त जागचं हललं नाही. मग डॉक्टरीणबाईंनी वेगळी तपासणी करायला लावली आणि कागद पाहत विचारलं, "तुमचे आई-वडील नात्यातले होते का?"

"नात्यातले म्हणजे काय! माझी आई वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी." मी छाती काढून सांगितलं. आमच्याकडं हे सांगताना छाती निघतेच.

"भावंडांत कुणी लहानपणी गेलं?"

तासभर न थांबता बोलणारा मी. मी नुसतं एक बोट वर केलं.

मला एक धाकटा भाऊ होता. सहा महिन्यांपर्यंत तो चांगला गुबगुबीत होता आणि मग पांढरा पडत गेला. खडूसारखा. पोट टम्म, हातपाय काड्या. मी सहा वर्षांचा होतो, आणि त्याच्या पोटावर टिचकी मारली की तो हसायचा एवढंच मला आठवतं. तिसरं वर्ष संपायच्या आत तो गेला. नजर लागली, असं मी ऐकत आलो होतो. कागदावर लिहिलं होतं, थॅलेसेमिया मायनर. म्हणजे माझं एक पान फाटकं, पण माझं भागलं. आईचं एक फाटकं, वडिलांचं एक फाटकं, आणि भावाच्या वाट्याला नेमकी तीच दोन आली होती.

हे कळलं तेव्हा मला भावाचं रडू आलं नाही. मला माझ्या मुलीसाठी भय वाटलं.

कारण मुलगी दिलेली होती. मामाच्या पोरीवर आत्याचा हक्क, आणि माझ्याहून पाच वर्षांनी मोठी माझी आक्का हक्क सोडणाऱ्यातली नव्हे. मुलीच्या बारशाला तिनं सासरच्या साखऱ्याहून येऊन पोरीच्या पायात चांदीचे वाळे घातले आणि जाहीर केलं, "ही माझी. कुणी बोट लावायचं न्हाई." सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या. पुढं मुलगी हिंगोलीला नर्सिंग शिकू लागली, आक्काचा मुलगा शेतीचा डिप्लोमा करून बापाच्या शेळ्या सांभाळू लागला, आणि दोघांचं फोनवरचं हसू भिंतीतून आम्हाला ऐकू येऊ लागलं. ठरवलेलं आणि आवडलेलं एकच निघावं, असं भाग्य किती जणांचं असतं?

मुलीचं रक्त मी तपासून घेतलं. तिचाही कागद माझ्यासारखाच निघाला. तिनं तो स्वतःच वाचला आणि घडी घातली.

"पप्पा, आत्याला सांगा. त्याचंबी तपासावं लागंल."

"सांगतो की."

"कधी?"

मी पंचांग पाहणाऱ्या जोशीबुवांची नक्कल केली. एरवी ती या नकलेला पोट धरून हसते. त्या दिवशी तिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं.

मी सांगितलं नाही. आज जातो, उद्या जातो, असं करत उन्हाळा आला आणि आक्काच सोयरिकीचं कुंकू लावायला आली. टेम्पोतून उतरले आक्का, दाजी, साडी, नारळ, ताट आणि दोरीला बांधलेला एक दांडगा बोकड. तो असा घमघमत होता की आमची गल्ली दारं लावून बसली.

"दाजी, हे वऱ्हाडी कुणाकडले?" मी सुरू झालो.

"याला हितल्या एका कळपात देऊन दुसरा न्यायचाय," दाजी म्हणाले. "दोन वर्सं झाली."

"धडधाकट तर हाय. काहून बदलता?"

दाजींनी कीव आल्यासारखं पाहिलं. "मास्तर, तुमी शाळेत काय शिकवून राहिले हो? याच्या लेकी आता गाभण जायच्या झाल्या. त्याह्यच्यावर हाच सोडला तर पिल्लं मरतुकडी निघतात. बोकड बदलावाच लागतो. एवढं तर गुराख्याच्या पोरालाबी कळतं."

वाचकहो, आयुष्यात असा आयता पास कुणी मला दिला नव्हता. मी ओसरीवरून अक्षरशः उडी मारली. "हेच! हेच मी सांगून राहिलो! शेळ्यांचं तुमी एवढं पाहता, मंग लेकरांचं काहून पाहत न्हाई?"

ओसरी गप्प झाली. बोकडसुद्धा.

"म्हंजे माझं पोरगं बोकड?" दाजी हळूच म्हणाले.

"तसं न्हाई हो दाजी..."

"आन् तुमची पोरगी शेळी?"

अजूनही सरळ बोलता आलं असतं. भाऊ कशानं गेला, एवढंच सांगायचं होतं. पण घाबरलो की मी नाटक करतो, हा माझा जन्मजात दोष आहे. हा कोणत्या पानावर आहे ते डॉक्टरांनाही सापडायचं नाही. मी खिशातून नाणं काढलं. "हे पहा, समजा छापा म्हंजे चांगलं..." म्हणत वर उडवलं. ते फिरत फिरत खाली आलं आणि थेट कुंकवाच्या ताटात पडलं. कुंकू उडून नव्या साडीवर सांडलं.

आक्का उठली. ताट उचललं.

"पोरगी द्यायची नसंल तर न्हाई म्हणायचं," ती म्हणाली. "माझ्या लेकराच्या कुंकवाचा तमाशा कशाला केला?"

टेम्पो गेला. बोकड न बदलताच गेला. दारात मुलगी उभी होती. ती दुसऱ्याच दिवशी होस्टेलला निघून गेली.

त्या वर्षी राखी आली नाही. फोन लावला की आक्का माझा "हॅलो" ऐकायची आणि ठेवून द्यायची. मी साखऱ्याच्या जीपमध्ये दोनदा बसलो आणि दोनदा अर्ध्या वाटेत सेनगावलाच उतरलो. डोक्यात एकच चक्र फिरत होतं. भाच्याची दोन्ही पानं धड असतील तर? मग मी बहीण फुकट घालवली, पोरीचा संसार फुकट मोडला. आणि नसतील तर? तर बरं झालं असं म्हणायचं? कोणत्या तोंडानं? देवापुढं बसलो तर काय मागावं तेच कळेना. त्या वर्षी पेशीविभाजनाचा धडा मी खुर्चीत बसून पुस्तकातून वाचला. पोरांना वाटलं, हर्निया परत आला.

दिवाळीनंतर एक दिवस भाचा शाळेत आला. हेल्मेट काखेत, हातात घडी घातलेला कागद.

"मामा, नांदेडला जाऊन रक्त देऊन आलो. तिनंच सांगितलं."

मी कागद उघडला. असे कागद वाचायला एव्हाना मी शिकलो होतो. आकडे माझ्यासारखेच होते. मुलीसारखेच होते.

"म्हंजे चारात एक लेकरू तसं निघायचं," तो म्हणाला.

"दर खेपेला चारात एक. दर खेपेला नाणं नवं."

"पोटात असतानाबी तपासता येतं म्हणतात."

"येतं."

"ती लग्नालाच न्हाई म्हणून राहिली." तो पटांगणाकडं पाहत होता. "म्हणाली, मी वॉर्डात लेकरांना रक्त चढवते, त्यांच्या आयांची तोंडं रोज पाहते. दर खेपेला तसं बसून वाट पाहणं मला व्हायचं न्हाई." माझ्या हातातला कागद घेऊन त्यानं पुन्हा घडी घातली. मग उठला. "आईला तुमी सांगा. मला जमंना. आन् मामा..."

"काय रे?"

"नाणं काढू नका."

मी त्याच्याच गाडीवर मागं बसून साखऱ्याला गेलो. आक्का गोठ्यात होती. मांडीवर एक करडू, त्याच्या तोंडात दुधाची बाटली. शेजारी आणखी दोन पडलेली, उभी राहायचं बळ नसलेली.

"पहा," दाजी म्हणाले. "तुमच्या नाटकापाई बोकड माघारी आला. कामाच्या घाईत बदलायचं राहून गेलं. हे पहा काय निपजलं."

मी खाली बसलो. हात मांडीखाली दाबून धरले, नाहीतर ते आपोआप हवेत जातात. आणि सांगितलं. माझा कागद, मुलीचा कागद, भाच्याचा कागद. आई-वडील. चारात एक. आणि आपला भाऊ त्यानंच गेला, नजरेनं नाही.

दाजींनी बोटं मोजली. "चारात एक ना? मंग ते एक तुमच्या आईबापाच्या घरात गेलंच की. आता तकलीफ काय?"

"दाजी, प्रत्येक लेकराच्या वक्ताला पुन्हा पहिल्यापासून. मागं कोण गेलं ते पेशीला ठाऊक नसतं."

दाजींनी बोटं मिटली. भाचा बाहेर गाडीजवळच थांबला होता. आक्का करडाकडं बघत होती. बाटली रिकामी झाली तरी तिनं ती काढली नाही.

"तो दुधानं न्हाई गेला?" तिनं विचारलं.

"कोणत्या दुधानं?"

"आईचं दूध आटलं व्हतं. शेजारच्या शेळीचं दूध मीच पाजायची त्याला, वाटीनं. रोज. तो गेल्यावर आई म्हणाली, तुझ्या पांढऱ्या दुधानं पोरगं पांढरं पडलं." तिनं करडाची मान सावरली. "एकदाच म्हणाली. मंग कदीच न्हाई."

चाळीस शेळ्यांच्या घरात नांदून आक्का आयुष्यभर कोरा चहा प्यायली होती. वास येतो, म्हणायची. "हलवायाच्या घरी साखरेचं वावडं," असं मी तिला दर भाऊबीजेला चिडवायचो, आणि सगळं घर हसायचं.

"दुधानं न्हाई आक्का," मी म्हणालो. "तो आईच्या पोटात आला तवाच ठरलं व्हतं. तू पाजलंस म्हणून उलट पोटात काहीतरी गेलं त्याच्या."

तिनं करडाच्या तोंडातली रिकामी बाटली काढली. मग म्हणाली, "तू हे किती वर्सं शिकवतो?"

"बावीस."

"बावीस वर्सं," ती म्हणाली. "लोकाच्या पोराह्यला."

 

कुठं पाहावं ते न सुचून दाजींनी शेळी पिळली आणि स्वतः चहा टाकला. त्यांनी तिच्यापुढंही दुधाच्या चहाचाच कप ठेवला. आक्कानं तो उचलला, तोंडाजवळ नेला, आणि परत खाली ठेवला.

"जाईना," ती म्हणाली. मग दुसरं करडू मांडीवर घेतलं. "सोयरीक मोडली म्हणून गावात मी सांगते. तू काई सांगू नको. तू सांगितलं की त्याचा खेळ व्हतो."

मी उठलो तशी तिनं खुंट्याकडं मान हलवली. "त्याला घेऊन जा संगं. तुझ्यापाई राहिला तो."

परतीच्या जीपच्या टपावर बोकड बांधला होता. त्याचा वास खाली सगळ्यांच्या मांडीवर बसला होता. एक म्हातारी पदर नाकाला लावून म्हणाली, "मास्तर, कुठं चालवलं याला?"

"बदलायला."

"काहून?"

मी सांगितलं. चार वाक्यांत सांगितलं, हात न हलवता. म्हातारी "व्हय, बराबर हाय" म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

मुलगी त्या दिवशी घरी आली होती. दारातच उभी होती. तिनं आधी बोकड पाहिला, मग मला पाहिलं. आत गेली आणि बोकडासाठी पाण्याची बादली घेऊन आली.