दाजींची रक्तातली काकवी

साऱ्या जालना जिल्ह्यात आमच्या दाजींइतका निर्व्यसनी माणूस सापडायचा नाही, आणि आमच्या घराला त्यांच्याइतकं कुणी छळलेलंही नाही. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. हे स्थळ मीच आणलेलं. त्यामुळे दाजींनी काही केलं की घरातले सगळे आधी माझ्याकडे बघत आणि मी मान खाली घालत असे. नवीन जालन्यातल्या एका कॉलेजात ते गणित शिकवत आणि उरलेल्या वेळात, म्हणजे जेवताना, चालताना आणि अक्का बोलत असताना, रक्तातल्या पांढऱ्या पेशीवर प्रबंध रचत. ही पेशी स्वतःपेक्षा अरुंद नळीतून अंग चोरून पलीकडे जाते. म्हणजे ती टणक गोळी नसून ताणलेल्या कातडीत भरलेली काकवी आहे, असं त्यांचं म्हणणं. ती काकवी किती दाट, हे गणितानं काढायचं होतं. त्यापायी ते अक्काच्या काकवीच्या बरणीत चमचा बुडवून, धार तुटेपर्यंत घड्याळ बघत बसत. राजूरला गणपतीच्या दारात आमची लठ्ठ आत्या गर्दीत अडकली, तेव्हा हे मागून ओरडले, "आत्याबाई, घाबरू नका! तुम्ही घन न्हाई, द्रव हायेत. हळूहळू जाताल आत!" आत्या आत गेली, पण पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही.

मग धोंड्याचा महिना आला आणि आईनं जावयाला तीर्थपुरीला जेवायला बोलावलं. पुरण भरून वाफवलेले धोंडे ताटात होते आणि जावयानं पहिला घास घेतल्याशिवाय पंगतीत कुणी खायचं नव्हतं. दाजींनी एक धोंडा उचलला, दोन बोटांत दाबला, आणि त्यांचा चेहरा उजळला. धोंडा त्यांनी समोरच्या तांब्याच्या तोंडावर ठेवला आणि अंगठ्यानं आत ढकलू लागले.

"जावईबापू, खा की," आई म्हणाली.

"जाऊन राह्यला, बराबर जाऊन राह्यला!"

"अन् आम्ही कवा खायचं?" चुलत्यांनी विचारलं.

"पुरण फक्त जरा पातळ पाहिजे होतं, आई."

धोंडा तांब्याच्या गळ्यातच फुटला. आई पदर डोळ्यांना लावून आत गेली. अक्का उठली. "तुम्ही एकटेच जा जालन्याला. त्या पेशीकडं बघता तसं माझ्याकडं कवा बघितलं का? मी न्हाई येणार."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

दाजी ओट्यावर बसून चमच्यानं तांब्यातलं पुरण खरवडत राहिले. जालन्याची बस आली आणि गेली. ऊन कललं तेव्हा अक्का तांब्या न्यायला बाहेर आली. तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "पेशी नळीतून सुटली तरी लगेच गोल व्हत न्हाई. जास्त वेळ दाबून ठेवली तर जास्तच उशीर लागतो. तुला तर मी लई वर्षं दाबून ठेवलंय."

अक्कानं त्यांच्या हातातला तांब्या काढून घेतला. "मंग बसा आता वाट बघत," ती म्हणाली, आणि शेजारी बसली.

पुढच्या बसनं दोघं गेले. प्रबंधही यथावकाश झाला. आता धोंड्याचा महिना आला की अक्का त्यांच्या ताटात एक धोंडा खायला वाढते आणि एक दाबायला. ती हसते तेव्हा मी तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघतो. पुरती गोल झाली का, हे मला अजून कळलेलं नाही. आणि दाजींना विचारायचा धीर होत नाही.