पेटीतून गेलेली एकच रेकॉर्ड

ती घटना आजही मला गाण्यासकट आठवते. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. पिंपरीच्या पट्ट्यात मी नवा फौजदार म्हणून रुजू झालो होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे कागदावर लिहिलेल्या शब्दाबद्दल मला फार आदर होता, कदाचित गरजेपेक्षा जास्त.

एके सकाळी हजेरी संपत असताना लाऊडस्पीकर भाड्याने देणारे एक वयस्कर दुकानदार तक्रार अर्ज घेऊन आले. सगळा परिसर त्यांना चाचा म्हणायचा. त्यांच्या पेटीतली एक रेकॉर्ड चोरीला गेली होती.

"एकच?" हवालदारांनी विचारलं. "चाचा, चोर होता की पाहुणा?"

"हसा, हवालदारसाहेब, हसा. अ‍ॅम्प्लिफायर नेला असता तर समजलं असतं. पण नेमकं त्याचंच गाणं नेलं हो!"

त्याचं म्हणजे कुणाचं, हे विचारायची गरज नव्हती. त्या गायकाचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याचा आवाज कधी चढायचा नाही. शेजारी बसून तो आपल्या एकट्याशीच बोलतोय असं वाटायचं. तेव्हा कारखान्यांत मराठवाडा, कोकण, पंजाब, केरळ, कुठून कुठून माणसं आली होती. एकमेकांचं निम्मं बोलणं कळत नसे. पण पहिली शिफ्ट सुटल्यावर कुठल्याशा मांडवातून तो आवाज आला, की सगळ्यांच्या सायकली आपोआप हळू व्हायच्या. नवे गायक आले, त्यांच्याही रेकॉर्डी चाचांच्या पेटीत होत्या. तरी शेवटची फर्माईश त्याचीच असायची.

"मग नवी आणा," मी म्हणालो.

"आणली ना! पुण्याहून आणली. काल वाजवली तर नवरीची आत्या अंगावर आली. म्हणते, चाचा, मधेच हे काय घुसडलंत?"

चाचांच्या जुन्या रेकॉर्डवर दुसऱ्या कडव्यात सुई उडी मारायची आणि अर्धी ओळ गिळायची. वर्षानुवर्षं सगळ्या लग्नांत तीच रेकॉर्ड वाजत आली होती. लोकही गाणं तसंच म्हणायचे, अर्ध्या ओळीवरून उडी मारून. मीसुद्धा. आता पूर्ण गाणंच लोकांना चुकीचं वाटत होतं.

चाचांच्या शेजारच्या पानवाल्याने खबर दिली. चाचांकडे पूर्वी रेकॉर्डी लावायला असलेला चऱ्होलीचा एक तरुण आता एका कंपनीत टेम्पररी होता. त्याने ती रेकॉर्ड चाचांकडे दोनदा मागितली होती. योगायोगाने त्याच तरुणाचा चारित्र्य पडताळणीचा फॉर्म माझ्या टेबलावर होता. कंपनी त्याला पर्मनंट करणार होती. मी शेऱ्याच्या रकान्यात 'चौकशी चालू' असं लिहून फॉर्म पाठवून दिला. त्यात खोटं काहीच नव्हतं. कंपनीने त्याची ऑर्डर थांबवली.

चार दिवस तो शिफ्ट संपवून ठाण्यात यायचा आणि बाकावर बसायचा. जबाब एकच. "म्या न्हाई नेली, साहेब."

हवालदारांना त्यांच्या पद्धतीने विचारायचं होतं. मी त्यांना थांबवलं, पण पुढे काय विचारावं ते मलाही सुचत नव्हतं. चौथ्या दिवशी मी संकोचतच म्हणालो, "ते गाणं म्हणून दाखव बरं."

तो आधी हवालदारांकडे बघत राहिला. मग मान खाली घालून गायला लागला. दुसरं कडवं आलं. तो उडी न मारता ती ओळ पुरी गायला.

"तू पूर्ण म्हणतोस?"

"मंग? त्या मानसानं पुरं गायलंय, साहेब. आमी निम्मं वाजवायचो, लाज वाटायची. चाचांना म्हनलं, ती द्या हिकडं, मी ती फोडून टाकतो, नवी आना."

हवालदार पुटपुटले, "साहेब, ह्याला ती रेकॉर्ड फुकट दिली तरी हा ठेवायचा नाही. आणि फोडायचीच असती तर चाचांच्या समोरच फोडली असती."

तेव्हा प्रश्न उलटा फिरला. खराब रेकॉर्डच हवी असं कुणाला वाटेल? रेकॉर्ड जाण्याआधी ती पेटी शेवटची संत तुकाराम नगरमधल्या एका पूजेला गेली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिकडे निघालो. उन्हात सगळी वसाहत पेंगत होती. दोरीवरचे कपडेसुद्धा हलत नव्हते. एका खिडकीतून तो आवाज आला, अगदी हळू, पाण्याखालून यावा तसा. मी झाडाखाली थांबलो. दुसरं कडवं आलं आणि सुईने उडी मारली. खरं सांगतो, आरोपी सापडला हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मी गाणं संपेपर्यंत तिथेच उभा राहिलो.

दार उघडलं ते एका कचेरीत हेडक्लार्क असलेल्या गृहस्थांनी. गणवेश पाहूनही ते दचकले नाहीत.

"मुलीच्या लग्नात हीच वाजली होती," ते म्हणाले. "सुई उडाली की ती अंतरपाटामागे हसायची. पहिल्या बाळंतपणात गेली. मी पुण्याहून नवी रेकॉर्ड आणली होती, साहेब. पण तिच्यात ती हसत नाही."

पूजेच्या दिवशी त्यांनी ती शालीखाली घालून नेली होती. त्यांच्यामुळे एका मुलाची नोकरी अडली आहे, हे मी सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी लगेच चपला घातल्या. ठाण्यात येऊन स्वतःच्या अक्षरात जबाब लिहून दिला.

अर्ज अजून चौकशीवरच होता, गुन्हा नोंदवलेला नव्हता. चाचांनी अर्ज मागे घेतला आणि रेकॉर्ड हेडक्लार्कच्या हातात परत ठेवली. "लोकांना आता पुरं गाणं शिकवतो," एवढंच म्हणाले.

मी नवा शेरा लिहून स्वतः कंपनीत नेला. ऑर्डर निघाली. गेटवर तो तरुण भेटला तेव्हा मी त्याचं अभिनंदन केलं. तो हसला नाही.

"नोकरी मिळाली, साहेब. पन तुमी दोन शब्द लिवले ते गावात कळलं. पाच दिस पानवठ्यावर माझ्या आयशी कुनी बोललं न्हाई."

लिहिलेलं खरं असलं की झालं, अशी माझी समजूत होती. ते दोन शब्द खरेच होते. पण ते कुणाच्या दारात जाऊन बसतील, याचा विचार मी केला नव्हता. त्यानंतरच्या सगळ्या नोकरीत, माणूस समोर बसवून ऐकल्याशिवाय मी कुठलाही शेरा लिहिला नाही. पण हे शहाणपण त्या माउलीच्या काही उपयोगाचं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी गणवेशातच चऱ्होलीला गेलो. तिच्या ओट्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा बसलो आणि चहा घेतला. कप खाली ठेवून उठायला लागलो, तशी ती लगबगीने म्हणाली, "बसा की जरा, साहेब. समोरची अजून भायेर आली न्हाई."

मी आणखी एक कप मागितला.