केमिस्टचं नाक

पार्ल्यात वाढलेल्या माणसाला बिस्किटांच्या वासाचं कौतुक नसतं. वारा फिरला की कारखान्याच्या भट्टीचा गोड वास आमच्या चाळीपर्यंत यायचा आणि आई म्हणायची, "चला, पोट भरलं." मला मात्र त्या वासातलं वेगवेगळं कळायचं. आज साखर जरा जास्त भाजली, आज तुपाचा वास पुढे आहे. घरात मला सगळे मांजर म्हणत.

कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं ते याच नाकाच्या जोरावर. दुसऱ्या वर्षाला आम्ही परीक्षानळीत आम्ल आणि अल्कोहोल तापवलं, सोड्याच्या पाण्यात ओतलं आणि अख्ख्या लॅबमध्ये पिकल्या केळ्यांचा वास सुटला. केळं नाही, साल नाही, नुसता वास. मी हरखून गेलो. हेच आयुष्यभर करायचं, असं तिथल्या तिथे ठरवून टाकलं. आधी एमएस्सी, मग संशोधन. आमचे सर नळी नाकाखाली धरू देत नसत. "हाताने वारा घालून वास ओढून घ्या रे, नाक एकदाच मिळतं," असं दर प्रॅक्टिकलला बजावत. त्यांची पाठ वळली की आम्ही त्यांची नक्कल करायचो.

शेवटच्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा वडिलांची गिरणी संपात बंद पडून बरेच महिने झाले होते. एमएस्सीचं नाव मीच काढलं नाही. वडिलांनी विचारलंही नाही, आणि त्यांनी विचारलं नाही याचा राग मला अजून आहे.

साकीनाक्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये इसेन्स बनवायचं युनिट होतं. पेपरमिंटवाले, सरबतवाले ही आमची गिऱ्हाइकं. मालक पहिल्याच दिवशी म्हणाला, "मशीन-बिशीन आपल्याकडे नाय. तुझं नाक हेच मशीन." टीपकागदाची पट्टी मालात बुडवायची, हुंगायची, की माल पास. हाताने वारा घालत बसायला वेळ कुणाला होता? पिंपाचं झाकण उघडलं की वाफ थेट तोंडावर यायची. काही वर्षं अशीच गेली. वर्गातला एक जण बँकेत चिकटला, दुसरा औषधांची बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात ताटकळायला लागला. मला दोघांची कीव यायची. मी निदान शिकलेलं काम करत होतो.

वाट लागली ती अननसाच्या एका लॉटमध्ये. इसेन्स पुरतं तयार झालंच नव्हतं, त्यातलं आम्ल तसंच राहिलं होतं. त्या आम्लाला ओकारीसारखा वास येतो. शेडमधली माणसं नाकाला रुमाल लावून दारापाशी जमलेली, आणि मी पट्टी हुंगून म्हणतोय, "झकास. भरा बाटल्या." कुणीच हलेना. मला वाटलं, चेष्टा चाललीय. शेवटी मालकाने दारातूनच विचारलं, "अरे, तुला वास येत नाय काय?"

येत नव्हता. कधीपासून, तेही सांगता येईना. पट्टी नाकाला लावली की ओळखीचा वास डोक्यात उमटायचा. तो नाकातून येतोय की आठवणीतून, हे तपासून पाहायचं मला, बीएस्सी झालेल्या माणसाला, कधी सुचलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी पार्ले स्टेशनच्या पुलावर बराच वेळ उभा राहिलो. माझ्या शेजारून जाताना एक लहान मुलगी आईला म्हणाली, "बिस्किटं." मी तिथेच रडलो. अंधेरीच्या डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून पाहिलं. येईल कदाचित, म्हणाले. नाही आला तर, असं मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "गॅस बंद केलाय ना, ते डोळ्यांनी बघत जा."

मालकाने काढून टाकलं नाही, विक्रीला लावलं. आता मीही बॅग घेऊन दारोदार हिंडायला लागलो. गिऱ्हाइकाच्या हातात पट्टी द्यायचो आणि त्याच्या चेहऱ्यावरून मालाची पारख करायचो. आयुष्य फुकट गेलं, असं तेव्हा रोज वाटायचं. आजही वाटतं.

पुढे मुलगी झाली. आमच्याकडे मुलांचे मुके घेत नाहीत, टाळू हुंगतात. आई तिला न्हाऊ घालून, धुरी देऊन, अंगाला वेखंड लावून आणायची आणि घरातल्या एकेकापुढे धरायची.

"हुंग रे. कसा छान वास येतोय बघ."

आईला मी काहीच सांगितलं नव्हतं. मी हुंगलं आणि म्हणालो, "येतोय."

ती आत गेल्यावर मी बायकोला विचारलं, "कसा येतो गं?" घरात खरं काय ते तिला एकटीला माहीत होतं. तिने मुलीच्या डोक्याला नाक लावलं, विचार केला, पुन्हा लावलं.

"कसं सांगू? बाळाचा येतो तसा."

मग मी वाकलो आणि छाती भरून श्वास घेतला. परत घेतला. परत घेतला. मुलीला वाटलं, हा खेळ आहे. मी थांबलो की ती माझे केस धरून ओढायची, डोकं पुढे करायची आणि बोळक्या तोंडाने हसायची.