कराटेवाले साडू

महाडपासून पोलादपूरपर्यंत माझ्या साडूंइतका शांत माणूस सापडणार नाही, आणि त्यांच्याइतक्या वस्तू फोडलेला माणूसही सापडणार नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. राहायला पोलादपुरात, नोकरी महाडच्या एमआयडीसीत, एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. चाळिशीपर्यंत त्यांनी कुणाला मोठ्यानं हाकसुद्धा मारली नव्हती. मग एक दिवस ते मुलीला महाडच्या कराटे क्लासला सोडायला गेले. मुलगी आठवड्यात कंटाळली, साडू कंटाळले नाहीत. तिला घरी ठेवून स्वतःच जाऊ लागले. पांढरा पट्टा बांधून ते तिसरी-चौथीतल्या पोरांच्या रांगेत सगळ्यांत शेवटी उभे राहत, कारण तिथली रांग वयाची नव्हे, पट्ट्याची. एकदा जेमतेम त्यांच्या कमरेला लागणाऱ्या एका मुलीची लाथ त्यांच्या बरगडीत बसली. साडू कळवळले आणि तसेच वाकून तिला नमस्कार करते झाले. मी दारात उभा राहून हसत होतो. बाहेर आल्यावर गंभीरपणे म्हणाले, "हसू नका साडूभाऊ, सीनियर आहेत त्या माझ्या."

घरावर पत्रे चढवताना उतरवलेली जुनी कौलं ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीनं, गोठ्यासाठी परसात रचून ठेवली होती. साडूंच्या हाताखाली ती एकेक करून गेली. शेवटचं कौल फुटलं तेव्हा ताई एवढंच म्हणाल्या, "आता म्हशीलापण शिकवा, छपराशिवाय कसं राहायचं ते." कौलं संपल्यावर माझी पाळी आली. रविवारी त्यांच्याकडे मटणाचं जेवण असलं की आधी मी लाटणं घेऊन त्यांच्यावर चालून जायचं, असा शिरस्ता पडला. लाटणं म्हणजे सुरा. मी दोन पावलं टाकायचो आणि पुढच्या क्षणी मला छताचा पंखा दिसायचा. वर दोषही माझाच, कारण मी मनापासून हल्ला करत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. मटणाच्या वासात मन हल्ल्यात कसं लागावं, हे त्यांनी कधी विचारात घेतलं नाही.

बऱ्याच वर्षांनी काळा पट्टा मिळाला तेव्हा महाडच्या गुरूंनी सांगितलं की आता पोलादपुरात वर्ग सुरू करा. समाजमंदिराचा हॉल मिळाला. पहिल्या दिवशी विद्यार्थी मी एकटा. दुसऱ्या दिवशी मीही नव्हतो, कंबर धरली होती. पण हळूहळू आसपासच्या वाड्यांतल्या मुली येऊ लागल्या. डोंगर चढून-उतरून त्यांच्या पायांत असं काही बळ होतं की साडू हरखून गेले. वर्ग सुरू करताना सगळे समोरच्या भिंतीला वाकून नमस्कार करत. वर्ग बघायला आलेली एक आजी मला म्हणाली, "गणपती त्या बाजूला हाय, नि ही पोरं मोकल्या भिताडाला काय वाकतात रे?" दुसऱ्या दिवशी साडूंनी सगळी रांग गणपतीच्या बाजूला फिरवली.

वर्गाची वेळ त्यांच्या शिफ्टप्रमाणे दर आठवड्याला बदले. फर्स्ट असली की संध्याकाळी, सेकंड असली की शाळेच्या आधी. सगळ्या आयांना त्यांच्या कंपनीचं वेळापत्रक पाठ झालं होतं. आणि कंपनीचा आणखी एक नियम त्यांनी वर्गात आणला. भोंगा वाजला तरी दुसऱ्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन 'घेतली' म्हणेपर्यंत ऑपरेटर मशीन सोडत नाही. तसंच वर्गात पुढची मुलगी येऊन खांद्याला हात लावून 'घेतली' म्हणेपर्यंत आधीचीनं जागा सोडायची नाही. शेवटच्या मुलीला साडू स्वतः सोडवत.

मग जिल्ह्याचे परीक्षक आले. वर्गाला क्लब म्हणून स्वतंत्र मान्यता द्यायची की नाही, हे ते ठरवणार होते. नाही मिळाली तर मुलींना पुढच्या पट्ट्यांसाठी रोज महाडला जावं लागणार, आणि संध्याकाळच्या एसटीनं वाडीवरच्या मुलींना कोण पाठवणार? म्हणजे वर्ग संपलाच. परीक्षक हसण्याची सवय मोडलेले गृहस्थ होते. त्यांची अट एकच: परीक्षा चालू असताना शिक्षकानं बोलायचं नाही, मॅटवर पाऊल ठेवायचं नाही.

सगळं छान पार पडलं. शेवटची मुलगी घोड्यावर बसल्यासारखे गुडघे वाकवून उभी राहिली, हात चालवून झाले, परीक्षक म्हणाले, "झालं, बस खाली." ती हलली नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. नाही. साडूंचा चेहरा पांढरा पडला, कारण तिला सोडवणारे ते, आणि मॅटवर जायची त्यांना बंदी. परीक्षकांनी तिचा खांदा ढकलून पाहिला, गुडघ्याला पाय लावून जोर दिला. पोरगी जागची हलेना. तिच्या मांड्या थरथरत होत्या, डोळ्यांत पाणी होतं.

"ऐकायला येत नाही का तुला?"

"येतंय सर," ती म्हणाली. "पण माझा रिलीव्हर नाय आला."

कुणीतरी घाईघाईनं त्यांना तो नियम समजावून सांगितला. परीक्षक पायातले मोजे काढून तिच्याशेजारी गुडघे वाकवून उभे राहिले, तिच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाले, "घेतली." पोरगी मटकन खाली बसली. परीक्षक तसेच उभे. थोड्या वेळानं साडूंकडे बघून म्हणाले, "या आता, क्लबवाले. मलाही घरी जायचंय."

क्लबवाले! हॉलमध्ये अशा टाळ्या पडल्या की बाहेर हायवेवरचा एक ट्रकवाला गाडी थांबवून डोकावून गेला. ताई पदरानं डोळे पुसत मला सांगत होत्या की गोठ्यावर आता पत्राच घालू. साडू मॅटवर गेले, परीक्षकांच्या खांद्याला हात लावला, आणि 'घेतली' म्हणताना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज मोठा निघाला.

सगळे गेल्यावर आम्ही दोघं मॅट गुंडाळत होतो. साडू खाली बघतच म्हणाले, "साडूभाऊ, खरं सांगा. मी मध्ये गेलो तेव्हा माझे पाय लटपटत होते. दिसलं का हो कुणाला?"

मी नाही म्हणालो. दिसलं होतं, सगळ्या हॉलला दिसलं होतं. पण त्या हॉलमधल्या एकाही माणसानं आजवर ते बोलून दाखवलेलं नाही.