नवे कोरे बूट, चाललेले तळवे

चिन्नी अजून चालत नाही, असं माझ्यासमोर बसलेल्या तिघी जणी एका सुरात सांगत होत्या, आणि मी चिन्नीचा उजवा तळवा उजेडाकडं धरून बघत होतो. या तिघींपैकी कोणीतरी खोटं बोलत होतं.

मी ऑर्थोटिस्ट आहे. शब्द अवघड असला तरी काम साधं आहे. ज्यांचे पाय वाकडे, अशक्त किंवा आखूड असतात, त्यांच्यासाठी बूट, पट्टे आणि कॅलिपर बनवायचे. कॅलिपर म्हणजे पायाला बाहेरून आधार देणारी सळी, चामड्याच्या पट्ट्यांनी बांधायची. सोलापुरात एका ट्रस्टच्या दवाखान्यामागं माझं वर्कशॉप आहे. सव्वीस वर्षं झाली. या कामानं मला दोन गोष्टी दिल्या, एक कंबरदुखी आणि दुसरी संशय. बायको म्हणते, तुमच्यापुढं देवाच्या पादुका ठेवल्या तरी तुम्ही आधी उलट्या करून तळ बघाल. बघेन. बुटाचा तळ बघितल्याशिवाय मी माणसाच्या बोलण्यावर विश्वास ठेवत नाही.

चिन्नी सतरा महिन्यांची. तिची आई भाग्यलक्ष्मी एका शाळेत शिक्षिका. तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढून याच वर्षी नोकरीत कायम झालेली. आजी राजम्मा, म्हणजे भाग्यलक्ष्मीच्या सासूबाई. शहराच्या पूर्व भागातलं तेलुगू घर. आजींनी जन्मभर विड्या वळल्या, गुडघे गेले तरी अजून मांडीवर सूप घेऊन बसतात. तिसऱ्या शोभाबाई, मूळच्या बार्शीकडच्या. त्या दोन गल्ल्या सोडून राहतात आणि भाग्यलक्ष्मी शाळेत असते तेव्हा चिन्नीला आपल्या घरी सांभाळतात. घरात आजी असताना मूल बाहेर का, तर घरभर तंबाखूची धूळ. सुनेला ती बाळाच्या नाकातोंडात जायला नको होती, आणि सासूला ही गोष्ट आजवर गिळता आलेली नव्हती.

बालरोगतज्ज्ञांची चिठ्ठी सोबत होती. मूल चालत नाही, पायावर उभं करताच रडतं. अठरा महिन्यांपर्यंत वाट बघू, मग पुण्याला तपासण्या. तोवर बुटांचं बघावं.

"सर, ह्याच्यापेक्षा कडक बूट द्या की," राजम्मा म्हणाल्या. "पायात बळ येतंय बघा."

"बुटानं बळ येत नाही, आजी."

"मग कशानं येतंय?"

"चालण्यानं."

"ती चालंना म्हणून तर आलोय की ओ!"

भाग्यलक्ष्मी हळूच म्हणाली, "सर, मी सोमवारी राजीनामा देणार आहे. लिहून ठेवलाय. घरी सगळ्यांचं म्हणणं आहे, आई जवळ नाही म्हणून मूल चालत नाही. असेलही."

मी बूट हातात घेतले. मामानं हैदराबादहून आणलेले, घोट्याच्या वरपर्यंत येणारे, दर पावलाला पीं पीं वाजणारे. दोन महिने वापरात आहेत म्हणाल्या. तळ वाकवून बघितला तर लाकडी पाटासारखा, वाकेचना. आत बोट घातलं तर पुढं दोन नंबरांची जागा रिकामी. 'वर्षभर पुरतील' या हिशेबानं घेतलेले. आपल्याकडं शाळेचा गणवेशही याच हिशेबानं शिवतात, पण गणवेशात अडखळून कोणी पडत नाही. आणि तळ नवा कोरा. एक ओरखडा नाही. म्हणजे या बुटांत मूल खरंच चाललेलं नव्हतं.

पण मग पाय? न चालणाऱ्या बाळाचा तळवा लोण्यासारखा असतो, टाचेची कातडी गालाइतकी मऊ. चिन्नीची टाच टणक झाली होती. टाचेच्या रेषांत धुऊनही न गेलेला काळपटपणा होता. अंगठ्याखाली एक जुना, भरून आलेला ओरखडा होता. मी तिला माप घेण्यासाठी कागदावर उभं केलं. पायाचं माप उभं राहूनच घ्यायचं असतं, वजन पडलं की पाऊल पसरतं. ती रडली, आईला बिलगली, पण त्या दोन क्षणांत तिनं वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकलं आणि बोटांनी कागद घट्ट धरला. हे चालणाऱ्या मुलाचं उभं राहणं होतं. अनवाणी, खडबडीत जमिनीवर, बरेच दिवस चालणाऱ्या.

माझा पहिला संशय सर्टिफिकेटवर गेला. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी धडधाकट माणसाला लंगडायला शिकवून आणलेलं मी पाहिलंय. आत जाऊन आमच्या इन्चार्ज डॉक्टर मॅडमना तसं सांगितलं.

"दाखला मागितला का त्यांनी?"

"नाही."

"मग?"

"मागतील."

"तुम्ही ना," मॅडम म्हणाल्या, "आधी नीट विचारून घ्या. आणि एकेकीला वेगळं विचारा."

दुसरा संशय आजींवर होता. सुनेची नोकरी सुटावी ही इच्छा त्यांच्या तोंडावर लिहिलेली होती. नात घरी चालत असेल आणि आजी लपवत असतील तर? मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, घरात चिन्नी बूट कधी काढते?

"काढतच नाय. अंघोळीला आणि झोपताना तेवढं. फरशी गुळगुळीत हाय, गार हाय. बूट घालून आमी दोन्ही हात वर धरून चालवतो रोज. ती पाय उचलूनच घेती."

हे खरं वाटलं. गुळगुळीत फरशी, दोन नंबर मोठा कडक बूट आणि वर ओढून धरलेले हात. अशा वेळी मीसुद्धा पाय उचलून घेतले असते.

राहिल्या शोभाबाई. त्या मघापासून खाली बघत पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. माझ्या मनात चित्र तयार झालं. या बाई मुलाला गल्लीत सोडून देत असणार, दगडधोंड्यांत, गाड्यांच्या मधे. स्वतः कुठंतरी दुसरं काम करत असणार. म्हणून 'चालत नाही' म्हणतात. चालतं म्हटलं, तर कुठं चालतं हा प्रश्न येणारच.

मी भाग्यलक्ष्मीला आणि आजींना केस पेपर काढायला पुढच्या खिडकीवर पाठवलं. शोभाबाईंना चिन्नीसकट वर्कशॉपमध्ये थांबवलं. दार लोटलं.

"शोभाबाई, हिला तुम्ही कुठं सोडता?"

"सोडत न्हाय ओ साहेब. कडेवरच असती माज्या."

"हिचे तळवे मी बघितलेत. हे पोर रस्त्यावर अनवाणी फिरतं. तसं मी लिहून देणार आहे."

शोभाबाईंनी मान वर केली. डोळ्यांत भीती होती, पण आवाज चढला.

"रस्त्यावर? रस्त्यावर कशाला फिरंल? माज्या अंगणात फिरती. रोज झाडून काडते, खडं येचते, पानी मारते, मग सोडते तिला. इचारा गल्लीत कुणालाबी!"

आणि आपण काय बोलून गेलो हे कळल्यावर मटकन स्टुलावर बसल्या. चिन्नी त्यांच्या मांडीवरून घसरून खाली उतरली, शहाबादी फरशीवर तुरुतुरु चालत माझ्या चामड्याच्या तुकड्यांपर्यंत गेली, एक उचलला आणि परत येऊन शोभाबाईंच्या हातात दिला.

मी आयुष्यात शेकडो मुलांना चालताना पाहिलंय. तरी हातातलं काम सोडून बघत राहिलो.

"किती दिवस झाले?"

"दीड म्हैना."

"आणि तुम्ही दीड महिना गप्प?"

त्यांनी सांगितलं ते असं. मागं त्यांच्याकडं एका नोकरीवाल्या बाईंचं मूल होतं. त्यानं पहिलं पाऊल शोभाबाईंच्या घरी टाकलं. यांनी आनंदानं लगेच फोन केला. संध्याकाळी ती आई आली, एक शब्द बोलली नाही, मूल घेऊन गेली. पुढच्या महिन्यापासून मूल दुसरीकडं.

"आईच्या तोंडचा घास मी काडून घेतल्यावानी झालं ओ. तवाच ठरीवलं, पुन्यांदा सांगायचं न्हाय. आईनं पयलं बगावं. हितं तर आजीबी हाय, तिनं अरिशाचा गूळ आणून ठिवलाय."

हे गुळाचं वाचकांना सांगायला हवं. तेलुगू घरांत मूल चालायला लागलं की अरिसेलू करतात, आपल्या अनारशांच्या जवळचे, गुळाच्या पाकातले. ते मांडून मुलाला वरून चालवतात. पहिलं पाऊल घरच्यांच्या डोळ्यांपुढं पडावं ही हौस त्यामागं असतेच.

"म्हटलं, आट दिसात घरी चालंल. घरी चालंना. आजीला म्हटलं, बूट काडून बगा, माज्याकडं मी काडूनच ठिवते. मालक रातपाळीला असत्यात, दिसा झोपत्यात, पीं पीं नको म्हणून. तर आजी म्हणली, तू शिकवू नगं. मग डाक्टर झालं, पुणं निगालं. आता कुटल्या तोंडानं सांगू? लई भ्याले साहेब."

मला माझीच लाज वाटली. ही बाई अंगण झाडून खडे वेचत होती आणि मी तिला गाड्यांखाली पोर सोडणारी ठरवून मोकळा झालो होतो. पण राग पुरता गेला नव्हता. तिच्या चांगुलपणापायी एक पर्मनंट नोकरी सोमवारी जाणार होती.

"मी आईला सांगणार," मी म्हणालो. "लपवणार नाही."

"सांगा. पण मला आदी हितनं जाऊ द्या."

"नाही. इथंच बसा."

दार उघडून मी भाग्यलक्ष्मीला एकटीलाच बोलावलं. ती आत पाऊल टाकते तोच चिन्नी आणखी एक चामड्याचा तुकडा घेऊन निघाली होती. आईला बघून ती थांबली, हसली, आणि वळून शोभाबाईंकडं चालत गेली.

भाग्यलक्ष्मीनं दाराची चौकट धरली. मुलीचं चालणं तिनं बघितलं ते असं, दुसऱ्या बाईकडं जाताना.

"किती दिवस?" तिनंही तेच विचारलं. शोभाबाईंनी तेच उत्तर दिलं. का, तेही सांगितलं, रडत रडत.

"मधल्या सुट्टीत मी मोबाइलवर रोगांची नावं वाचत बसायचे, मावशी," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "राजीनामा आत्ता माझ्या पर्समध्ये आहे. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर!"

बाईचा राग खरा होता, त्यात मधे पडायला जागा नव्हती. शेवटी मला जेवढं येतं तेवढं मी केलं. म्हटलं, "मॅडम, खाली बसा. गुडघ्यांवर. तीन हात लांब. हात वर धरून ओढायचं नाही, तोल जायला लागला तर कमरेला धरायचं. आता हाक मारा."

तिनं हाक मारली. चिन्नीनं आधी शोभाबाईंच्या तोंडाकडं बघितलं. शोभाबाईंनी मान हलवली. मग ती निघाली. चार पावलं, एक झोकांडी, आणखी दोन, आणि आईच्या गळ्यात. भाग्यलक्ष्मीनं तिचे दोन्ही तळवे मुठीत धरले आणि मोठ्यानं रडली.

तेवढ्यात केस पेपर हलवत राजम्मा दारात. "काय झालं? रडालीस कशाला?"

भाग्यलक्ष्मीनं डोळे पुसले. एकदा शोभाबाईंकडं बघितलं.

"चालली. आत्ताच. पहिल्यांदाच चालली."

एरवी या सासू-सुना आपसात तेलुगूत बोलतात. हे वाक्य मात्र ती मराठीत बोलली, आम्हा दोघांना ऐकू जावं म्हणून.

राजम्मांनी नातीकडं बघितलं. मग शोभाबाईंकडं, जरा जास्त वेळ. मग माझ्याकडं.

"व्हय का ओ सर? पहिल्यांदाच?"

सव्वीस वर्षं मी लोकांचं खोटं पकडत आलो. डॉक्टर मॅडमपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळे मला त्यावरून चिडवतात.

"हो आजी," मी म्हणालो. "पहिल्यांदाच."

त्यांना पटलं की नाही, देव जाणे. संशयी माणसाला दुसरा संशयी माणूस बरोबर ओळखू येतो. त्या एवढंच म्हणाल्या, "आता तरी कडक बूट द्या." मी दिले नाहीत. चालायला शिकणाऱ्या मुलाला घरात बूट नकोतच, बोटांनी जमीन धरता आली पाहिजे. बाहेरसाठी घ्या, पण हलके, दुमडले तर दुमडणारे, पुढं करंगळीच्या रुंदीएवढीच जागा असलेले. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा माप बघा. पाय आत्ता सपाट दिसतो, दिसू द्या. आणि घरात चटई अंथरा.

बालरोगतज्ज्ञांना मी फोनवर सगळं खरं सांगितलं. डॉक्टरांपासून लपवणं मला जमत नाही. त्यांनी पुढच्या आठवड्यात चिन्नीला अनवाणी चालवून बघितलं आणि पुण्याच्या तपासण्या रद्द केल्या. भाग्यलक्ष्मी सोमवारी शाळेत गेली, रोजच्यासारखी. चिन्नी अजून शोभाबाईंकडंच असते. मात्र काहीही नवं केलं की त्याच मिनिटाला फोन करायचा, अशी भाग्यलक्ष्मीनं त्यांना ताकीद दिलीय. परवा शिंकली त्याचाही फोन आला म्हणे.

त्या दिवशी तिघी गेल्यावर केस पेपर पूर्ण करायला घेतला. 'निदान' या रकान्यात काय लिहावं याचा बराच वेळ विचार केला. मग लिहिलं, 'बूट दोन नंबर मोठे.' यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.